सात लाल गोल

एकोणिसाव्या वर्षी मला फिट यायची, आणि आईनं ते सगळ्या शेवगावपासून लपवून ठेवलं होतं. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "तरुण मुलामुलींवर एका गोळीचा अभ्यास चाललाय. भाग घेशील? दर पंधरा दिवसांनी इथं ये, नाहीतर घरून मोबाईलवर रोज उत्तर भर." मला तिथं जायचं होतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "सोयरिकीचं चाललंय. सारखी नगरला गेली तर लोकं इचारतील. घरूनच कर."

घरून म्हणजे घरातल्या एकुलत्या मोबाईलवर. रोज सकाळी अकराला प्रश्न यायचा: काल फिट आली का? तेव्हा मी कॉलेजात. मुलीनं कॉलेजला मोबाईल न्यायचा नाही हा आमच्या घरचा कायदा, त्यामुळे तो आईकडे. मग मी तोडगा काढला. फिट आली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या खुणांशेजारी, लाल गोल काढायचा. तो बघून आईनं उत्तर भरायचं. या हुशारीचा मला भारी अभिमान होता.

तीन महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. बाई खुशीत होत्या. "एकही फिट नाही. आता गोळी कमी करू या."

समोर भिंतीवर सात गोल होते.

मी आईकडे पाहिलं. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं ती मोबाईलमागे मेथी निवडत बसली होती. "गप ऱ्हा," ती कुजबुजली. "तिथं लिवलेलं कुठं बी जातं. सोयऱ्यांना कळलं तर?" सातही वेळा तिनंच माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच 'नाही' दाबलं होतं. परक्यानं दगा दिला असता तर मी भांडले तरी असते. अजून आठवलं की अंगाची लाही होते.

मी मोबाईल उचलला आणि कॅलेंडरसमोर धरला. एकेक गोल दाखवला. बाईंनी ते मोजले आणि विचारलं,

"मग रोज हे 'नाही' कोण भरत होतं?"

आईचे हात थांबले.

"मीच," मी म्हणाले.

गोळी कमी झाली नाही. अभ्यासातून मात्र माझं नाव गेलं. कॉल बंद करण्याआधी बाई म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास ठेवला होता गं." आई पुन्हा मेथी निवडायला लागली. हेच वाक्य मला तिला म्हणायचं होतं. अजून म्हणाले नाही.