वदहाने खाली ठेवलेला कप

कणीक अर्धी मळून झाली होती, तेवढ्यात बाहेरून मुत्लक ओरडला, "वदहा, फरहान आलाच नाही! आपली पाहुणी सोडून स्वतःच्या गाडीत दुसऱ्यांनाच घेऊन गेला. आणि ही बाई दारात उभी!"

वदहाचे हात परातीतच थांबले. नवऱ्याचा, मुत्लकचा, उजवा हात प्लास्टरमध्ये, दोन महिने स्टिअरिंगला लागायचा नाही. जॉर्डनच्या वाळवंटात, आमच्या वाडी रममध्ये, फिरायला आलेले पाहुणे गाड्यांना पाळीने मिळतात. पाळी चुकली की ती पुढच्या गाडीची. म्हणून सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की दोन महिने पुतण्या फरहान गाडी फिरवील. वदहाचं म्हणणं एकच, गाडी आपली तर चालवीन मी. बारा वर्षांची असल्यापासून ती शेळ्यांकडे पाण्याची टाकी नेत आली होती, परवानाही होता. पण ऐकतो कोण?

सासरे अबू मुत्लक म्हणजे तिचे सख्खे चुलते. तंबूच्या दाराशी येऊन म्हणाले, "जा बाई. पण फक्त आजच्या दिवस."

"बरं, काका." तिने परात जावेपुढे सरकवली, हात धुतले आणि बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली.

पाहुणी मार्गिट सत्तरीची, शाळेतून निवृत्त झालेली, अरबी मोडकीतोडकी पण बेधडक बोलणारी. वाळू लागताच वदहा खाली उतरली आणि चारही चाकांतली निम्मी हवा सोडू लागली.

"पंक्चर?" मार्गिट घाबरली.

"नाही हो. उंटाचा पाय पसरट असतो ना, तसं चाक पसरट करतेय."

सकाळचे डोंगर डाळिंबाच्या सालीसारखे लाल होते. वदहाने तिला घळीतून चालवलं, गार दगडावर पाठ टेकून बसवलं, कमानीच्या खडकावर हाताला धरून चढवलं. वर पोचल्यावर मार्गिट चहूकडे बघत राहिली. वदहा काही सांगत बसली नाही. निर्मात्याने एवढं उघडं मांडून ठेवलंय, त्यात आपण काय भर घालायची?

लाल टेकाडाखाली एक गाडी दारापर्यंत वाळूत रुतली होती. शेजारी फरहान, पलीकडे सावलीत त्याचे पाहुणे.

"काय रे, अंडी उबवतोयस?"

"हस, हस! दोर आहे का?"

"आहे. हवा का नाही सोडलीस?"

"परत भरायचा कंटाळा."

तिने दोर बांधला, गाडी हळू घेतली आणि एका दमात त्याला ओढून काढलं. मग हात पुढे केला. "आता तुझा पंप दे. आमचा मोडलाय."

दुपार उतरल्यावर सगळे अबू मुत्लकांच्या शेकोटीपाशी आले. म्हाताऱ्यांनी स्वतः कॉफी ओतली. मार्गिटने कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. तंबूतल्या सगळ्यांच्या नजरा त्या कपाकडे वळल्या. आमच्यात कप न पिता खाली ठेवला की त्या माणसाला काही मागायचं असतं. यजमानाने शब्द दिल्याशिवाय तो ओठ लावत नाही.

अबू मुत्लक सावरून बसले. "प्या बाई. मागाल ते दिलं."

मार्गिट गोंधळून वदहाच्या कानात कुजबुजली, "गरम आहे. थंड होऊ दे."

वदहाच्या मनात आलं असतं तर त्या बाईच्या तोंडी काहीही घालता आलं असतं. पण खोट्याची भाकरी तिला पचत नसे. "काका, तिला काही नको. जीभ भाजेल म्हणून थांबलीय."

तंबू हसून लोटपोट झाला. हसू विरलं तेव्हा सगळ्यांना दिसलं, वदहानेही आपला कप खाली ठेवला होता. तिची कॉफी तर केव्हाच निवली होती.

"सून असून माझ्यापुढे कप ठेवतेस?"

"सून नाही, भावाची मुलगी म्हणून आलेय. मुत्लकचा हात बरा होईपर्यंत पाळी माझी."

म्हाताऱ्यांनी फरहानकडे पाहिलं. फरहान शेकोटीकडे बघत पुटपुटला, "मला तिनेच बाहेर काढलं, काका."

"पी," अबू मुत्लक म्हणाले. "दिली."

वदहाने एका घोटात कप संपवला आणि आता पुरे म्हणून हलवून परत दिला. मग फरहानचा पंप त्याच्या गाडीत ठेवला. सकाळच्या पाळीआधी तिला कुवैऱ्याच्या बाजारात जाऊन स्वतःचा पंप आणायचा होता.