अक्का मानी नव्हती

माझी थोरली बहीण जाऊन तीन वर्षं झाली. तिचा विषय निघाला की आमच्या भावकीत अजून एकच बोललं जातं. बाई चांगली होती, पण लय मानी. सख्खा भाऊ आणायला जायचा आणि हिनं माहेरी पाऊल टाकायचं नाही, असं कुठं असतं का? हे बोलणं मी सात वर्षं ऐकत आलो आहे आणि दर वेळी मान खाली घालून बसलो आहे. बहिणीच्या वागण्याचं वाईट वाटतं म्हणून मी गप्प आहे, असं लोकांना वाटतं. खरं वेगळं आहे. ते मी सांगितलं नाही, म्हणून हे बोलणं सुरू झालं आणि चालत राहिलं.

आमच्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात. आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात आणि त्याच दिवशी माहेराहून कुणीतरी त्यांना आणायला जातं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेकीनं आपणहून यायचं नाही, ही जुनी रीत. आता पोरी गाड्या घेऊन येतात, कुणी वाट बघत नाही. पण अक्का जुनी. सांगलीजवळ दिलेली, पासष्टी ओलांडलेली, तरी मी कराडहून एसटीनं जायचो आणि तिची पिशवी धरून तिला घेऊन यायचो. एकदा म्हटलं, "अक्का, तुला बशीत बसायला येतंय की. ये की आपली आपण."

"येईन की," ती म्हणाली. "पण मग तू म्हातारा झालास असं हुईल. मी न्हाई म्हातारी झाली अजून."

ती आली की पंचमीचा स्वयंपाक तिच्याकडे. पंचमीला आमच्यात विळी-सुरी धरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत. जे काय करायचं ते उकडून. म्हणून दिंडं करतात, म्हणजे कणकेच्या चौकोनी घडीत पुरण भरायचं आणि वाफवायचं. अक्का मात्र केळ्याची दिंडं करायची. ती बारा वर्षांची असताना आई पंचमीच्या आदल्या दिवशी तापानं पडली आणि पुरणाची डाळ अक्कानं करपवली. घरात पिकलेली केळी होती. ती तिनं हातानंच कुस्करून कणकेत भरली. वडिलांनी खाल्ली आणि म्हणाले, "डाळीचा एवढा कुटाणा आजवर कशाला केला मग?" तेव्हापासून आमच्या घरात पुरणाची दिंडं बंद झाली ती झालीच.

आता सात वर्षांपूर्वीचं.

त्या साली पंचमीच्या दोन दिवस आधी मला लोणंदहून फोन आला. माझ्या पलटणीतला एक जण तिथं राहतो. त्याच्यासकट आमच्या वेळचे आम्ही चौघं तिथं जमणार होतो, नेमके पंचमीच्या आदल्या दिवशी. त्यातला एक आजारी होता. पण त्याच्या आजारपणाची सबब मी इथं सांगणार नाही. मला जायचं होतं ते रमसाठी आणि जुन्या बढायांसाठी. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुलानं आणि सुनेनं माझी दारू बंद केली होती. लोणंदला जातो म्हटलं असतं, तर सुनेनं कारण बरोबर ओळखलं असतं.

मग मी दोन ठिकाणी दोन खोटी बोललो. घरात सांगितलं, अक्काला आणायला सांगलीला जातो. आणि अक्काला आदल्या संध्याकाळी फोन केला, की थोरली चुलती गेली. भावकीत सुतक आहे, यंदा पंचमी नाही, मी येत नाही. चुलती नव्वदीची होती, कधीही जाईल अशी. म्हणून तिचंच नाव घेतलं. हे सांगताना माझी जीभ अडखळली नाही, हे मला आज जास्त लागतं.

अक्का फोनवर रडायला लागली. लहानपणी तिला त्या चुलतीनंच न्हाऊ-माखू घातलं होतं. म्हणाली, "मी येते रं दहाव्याला."

"नको. घाटावरच आटपून टाकणार हायत. पाऊसपाण्याचं तू कुठं येतीस? आणि घरी फोन करू नको, सूनबाई गडबडीत हाय."

"बरं," ती म्हणाली. मग पुढं, "उद्याचा उपास मात्र मी धरते. भावाच्या उपासाला सुतक लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं माझ्या पिशवीत एक डबा घातला. त्यात शाबूची खिचडी होती. आत्यांना उपास असतो, गाडीत काही मिळत नाही, वाटेत खायला द्या, म्हणाली. कराडच्या स्टँडवर मी सांगलीची गाडी सोडून दिली आणि साताऱ्याच्या गाडीत बसलो. सांगली एका दिशेला, लोणंद नेमकं उलट दिशेला. दुपारी तिथं श्रावणात मटण शिजलं होतं. मी प्यायलो, हसलो, पुन्हा प्यायलो. चखणा संपला तेव्हा मला डब्याची आठवण झाली. ती खिचडी आम्ही चौघांनी मिळून रमबरोबर खाल्ली. एक जण म्हणाला, "सुगरण हाय सून तुझी."

संध्याकाळी मी घरी एकटाच परतलो. येताना सुपारी चघळत आलो. सुनेनं दारातच विचारलं, "आबा, आत्या कुठायत?"

"न्हाई आली. म्हणती, दरसाल काय यायचं."

"असं म्हणाल्या?" तिनं रिकामा डबा हातात घेतला. "खिचडी खाल्ली का पण?"

"खाल्ली."

माझं खोटं एवढंच. पुढचं सगळं त्यातून आपोआप वाढत गेलं.

त्याच थंडीत सांगलीला भावकीतलं एक लग्न निघालं. मी गेलो नाही. चार दिवसांनी थोरली चुलती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि सांगायला लागली, "तुझी अक्का भेटली बाबा लग्नात. मला बघितलं आणि जी गळ्यात पडून रडली! सोडंना. मी म्हटलं, आगं बया, मी काय मेले का काय?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, हसली. म्हणली, न्हाई गं, तू जित्ती हायस म्हणून रडती."

म्हणजे अक्काला कळलं होतं. त्या दिवशीच मी फोन करायला हवा होता. नाही केला. आज करू, उद्या करू म्हणत पुढची पंचमी आली. आदल्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं सांगलीला गेलो. अक्कानं दार उघडलं, पाणी दिलं, चहा दिला. मला वाटलं, ती शिव्या घालेल. मी शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. तिनं एवढंच विचारलं, "चुलती बरी हाय न्हवं?"

मी म्हटलं, "बरी हाय."

"बरं झालं." मग कपबशी उचलता उचलता म्हणाली, "औंदा गुडघं लय धरल्यात रं. न्हाई जमायचं. लोकांनी इचारलं तर तसंच सांग."

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती आली असती तर मागच्या सालचं बोलणं निघून माझं खोटं उघडं पडलं असतं, हे तिनं ओळखलं होतं. मी खाली मान घालून परत आलो. घरी सांगितलं, की गुडघे दुखतात म्हणाली. सून म्हणाली, "आदल्या सालीही असंच. आत्यांना आपलं घर नकोसं झालंय, आबा. सरळ सांगत नाहीत एवढंच." मी तिला थांबवलं नाही. त्यानंतर मी आणायला गेलो नाही.

दोन वर्षांनी माझ्या नातीचं लग्न ठरलं. लग्नाचं आवतण घरोघर जाऊन, कुंकू लावून, हातात पत्रिका देऊन द्यायचं असतं. आत्याचा तर पहिला मान. सून म्हणाली, ज्यांना यायचंच नाही त्यांच्याकडे कशाला जायचं, आणि तिनं मोबाईलवर पत्रिका पाठवून दिली. अक्का आली नाही. भावकीनं म्हटलं, बघा, एवढा ताठा. पुढच्याच हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्यानं गेली. तिच्या दारात मी मुराळी होऊन इतकी वर्षं जायचो, त्या दारात तिला खांदा द्यायला उभा राहिलो. तिथंही कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, तुम्ही तुमच्या परीनं लय केलंत.

यंदा श्रावणाच्या आधी अक्काच्या मुलीचा फोन आला. ती कुपवाडला असते. तिच्या नवऱ्याचं तिथं छोटं वर्कशॉप आहे. म्हणाली, "मामा, आईची केळ्याची दिंडं मला जमत नाहीत. मोबाईलवर बघून केली, सगळी फुटली. आईनं शेवटी शेवटी करायचीच सोडली होती. शिकायची राहूनच गेली."

मी म्हटलं, ये, मी दाखवतो. पंचमीला सकाळी ती गाडी चालवत आली.

करणं काही अवघड नाही. कणकेत चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून घट्ट मळायची आणि झाकून ठेवायची. केळी सालीवर काळे ठिपके आलेली घ्यायची. भाचीनं सवयीनं सुरी उचलली.

"आज सुरी नको," मी म्हटलं. "आणि ह्याला ती लागतच नाही. बोटांनी कुस्कर."

"मोबाईलवर चकत्या करून गुळात शिजवायला सांगितलंय."

"म्हणून फुटतात. गूळ लागला की केळ्याला पाणी सुटतं. आधी डाळ्याचं पीठ घाल, ते पाणी धरतं. वेलदोडा, बेदाणे, जरासं सुकं खोबरं. गूळ अगदी शेवटी, भरायच्या वेळेला. आणि एका वेळी चारच दिंडांपुरता."

"हे आईनं शोधलं?"

"व्हय. पहिल्या साली तिचीही फुटली होती."

पुरीएवढी पारी लाटायची, मध्ये चमचाभर सारण ठेवायचं, चारी बाजू पाकिटासारख्या आत घ्यायच्या. चाळणीला तूप लावून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटं. भाचीच्या घड्या नीट होत्या. आईसारखी कडा दाबायची तिची पद्धत होती. पहिला घाणा वाफेवर ठेवला आणि ती म्हणाली, "मामा, ती असती तर आज इथं आली असती का? का तेव्हाही गुडघेच?"

मी गॅससमोर उभा होतो. तिच्याकडे पाठ होती. तसाच उभा राहून मी तिला सगळं सांगितलं. लोणंद, चुलतीचं सुतक, खिचडी, लग्नातलं रडणं, चहाची कपबशी. सांगून झाल्यावर मी वळलो. ती जमिनीवर बसली होती. हाताला केळं लागलेलं, तसंच.

"आईनं मला हे कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"माझ्यामुळं."

"मी तिला बोलायची, मामा. दर पंचमीला. म्हणायची, भावाच्या दारात जायला कसला मानपान गं? एकदा तर म्हटलं, तुझ्या हट्टापायी आमचं आजोळ तुटलं. तुमच्या नातीच्या लग्नाच्या वेळी आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती नुसती, बरं बाई, माझंच चुकलं, म्हणायची." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला बोल लागू नये म्हणून. आणि मी तिला..."

मला माझंच पाप ठाऊक होतं. ह्या पोरीच्या वाट्यालाही त्यातलं आलं असेल, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मी पुढं झालो, तर तिनं हातानं थांबवलं.

"मला सांगून काय उपयोग? घरात सांगितलंय का?"

"न्हाई."

"सांगा मग. आत्ता. मी बसते इथंच."

मी मुलाला आणि सुनेला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुलगा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होता. खिचडीच्या डब्यापाशी आलो तेव्हा सुनेनं मला अडवलं. "म्हणजे त्या उपाशी होत्या त्या दिवशी? तिकडं तुमच्यासाठी?"

"व्हय."

"आणि मी त्यांना कुंकू लावायलासुद्धा गेले नाही." ती म्हणाली. मग भाचीशेजारी जाऊन खाली बसली. मुलगा बाहेर निघून गेला. तो त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही आणि अजून नीट बोलत नाही.

चाळणीवरच्या दिंडांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. झाकण काढलं तेव्हा ती वाजवीपेक्षा जास्त वाफलेली होती, एक-दोन उकलली होती. सुनेनं उरलेली केली आणि दूध-तुपाबरोबर वाढली. भाचीनं एक खाल्लं. चव आईचीच आहे, म्हणाली, आणि ताट बाजूला केलं.

दुपारी निघताना ती गाडीजवळ थांबली. म्हणाली, "मामा, आमच्याकडं, तुमच्याकडं, सगळी भावकी अजून तिला मानी म्हणते. तुमच्या तोंडून कितीजणांना सांगणार? लिहून काढा. आणि कुणी काय म्हणेल ते म्हणू द्या."

"तू येशील का पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. गाडी सुरू करून गेली.

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. ह्याच्या प्रती काढून एक थोरल्या चुलतीच्या मुलाकडे देणार आहे, एक अक्काच्या सासरी आणि बाकीच्या भावकीत, जिथं जिथं तिच्याविषयी बोललं गेलं तिथं. वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की माझी बहीण माहेरी यायला तयार होती. दरसाल तयार होती; एका साली गुडघ्यांचं सांगितलं तेही माझं खोटं झाकायला. सात वर्षांपूर्वी तिला आणायला मी गेलो नाही, आणि ती आली नाही असं मीच सांगितलं.