फिटचं सोंग

मला फिट यायच्या. आता हे कुणालाही तोंडावर सांगते, पण सत्तरच्या दशकात नवी सून म्हणून सांगलीत नांदायला आले तेव्हा ही गोष्ट मी जिवापाड लपवून ठेवली होती. लग्न जमवताना माहेरच्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. माझं माहेर पाटणकडचं. आई अधूनमधून एसटीनं यायची ती कारळ्याच्या चटणीचा डबा घेऊन, आणि डब्याच्या तळाशी कऱ्हाडच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पुडी असायची. मी मोरीत जाऊन, नळ सोडून गोळी गिळायची. गोळ्या चालू असल्यामुळे लग्नानंतर एकदाही फिट आली नव्हती, पण येणारच नाही याची हमी कोण देणार? फिट आली की मला माहेरी पाठवतील, कायमची, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. आमच्या भावकीतल्या एकीला तसं पाठवलेलं मी पाहिलं होतं.

आणि माझं नशीब बघा. सासूबाई महिला मंडळाच्या कर्त्या बाई, आणि त्या वर्षी मंडळानं काम हाती घेतलं ते मेंदूच्या आजारांचं! मिरजेकडच्या एका डॉक्टरांनी येऊन सांगितलं होतं की फिट का येतात, हातपाय का थरथरतात, माणसं सगळं विसरत का जातात, यावर संशोधन करायचंय आणि त्याला लोकांचा हातभार हवाय. सासूबाईंनी पदर खोचला. वर्गणीचा पत्र्याचा डबा घेऊन दारोदार फिरायच्या, सोबत मला न्यायच्या. प्रत्येक उंबऱ्यावर त्यांचं ठरलेलं, की हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नाही, यात लाज कसली? मी मागे खाली मान घालून उभी. हे सगळं लोकांच्या मुलींबद्दल चाललंय, स्वतःच्या सुनेबद्दल नाही, हे मला पक्कं कळत होतं. विचारायची छाती कुठली!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण लुटायचं नाही, ते पैसे निधीत टाकायचे, असं मंडळानं ठरवलं. जोडीला फिट आलेल्या माणसाचं काय करायचं ते करून दाखवायचं. पण फिट आलेली बाई व्हायचं कुणी? एकही तयार होईना. संक्रांतीच्या दिवशी सवाष्णीनं असलं अभद्र सोंग घ्यायचं म्हणजे काय, असं कुजबुजायला लागल्या. सासूबाई भडकल्या. लोकांना शहाणपण शिकवायला निघालेल्या बायकाच असं बोलायला लागल्या म्हणून त्यांना चांगल्याच झापलं, आणि मग म्हणाल्या, माझी सून करेल.

नाही म्हणावं तर संशय, आणि करावं तर कसं? कारण मला स्वतःला फिट कशी दिसते हेच ठाऊक नव्हतं! फिट आली की मी तिथे असायचेच कुठे? जाग यायची तेव्हा जीभ चावलेली आणि भोवती गोतावळा. सासूबाई तालमीत सांगायच्या, अगं हात वाकडे कर, डोळे फिरव. मी लाकडासारखी पडून राहायची. जास्त खरं वाटलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल, ही धास्ती. धास्तीनं झोप उडाली, आणि जागरणानं फिट येते ही दुसरी धास्ती.

हळदीकुंकू होतं शाळेच्या हॉलमध्ये. हॉल बायकांनी गच्च भरला होता. मी सतरंजीवर पडले, डोळे मिटले आणि सुचेल तसे हात झाडायला लागले. सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली, की आधी गर्दी हटवायची, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल नाकाला लावायची नाही.

आणि मला कांद्याचा वास आला.

लहानपणापासून फिटमधून जाग यायची ती याच वासानं. आई त्या दिवशी संक्रांतीचं घेऊन आली होती. एसटीला उशीर झाला, घराला कुलूप, म्हणून विचारत विचारत थेट हॉलवर पोचली होती. काय चाललंय ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्यापायी ती कायम पिशवीत एक कांदा बाळगायची. तो बुक्कीनं फोडून ती माझ्या उशाशी बसली होती.

"सरा समदी," ती म्हणाली. "माज्या लेकीला फिट आलीया. ल्हानपणापासनं हाय तिला ह्यो आजार."

मी डोळे उघडले. "आई, नाटक आहे गं हे," म्हणाले, पण ते कुणाच्या कानावर पडलं कुणास ठाऊक. आईचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंनी तिच्या हातातला कांदा काढून घेतला, मला कुशीवर वळवलं आणि राहिलेलं सगळं शेवटपर्यंत बोलल्या. माझ्या खांद्यावर त्यांचा हात घट्ट रुतला होता. रागानं की कशानं, मला कळेना.

घरी आल्यावर त्या आईला एवढंच म्हणाल्या, "फसवलंत आम्हाला." आई पदरानं डोळे पुसत खालच्या मानेनं एसटी स्टँडकडे गेली. नवऱ्यानं आपलं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. रात्रभर मी मनातल्या मनात ट्रंक भरत होते.

सकाळी सासूबाईंनी दारातून हाक मारली. हातात पत्र्याचा डबा होता.

"तुझ्या आईला मी माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण मागची गल्ली राहिलीय. आज तू बोलायचंस."

पहिल्याच दारात शेजारीण मुलाला कडेवर घेऊन उभी होती. काल ती हॉलमध्ये आली नव्हती. कुणासाठी गोळा करताय, तिनं विचारलं. माझ्यासारख्यांसाठी, मला फिट येतात, असं मी कसंबसं म्हणाले. तिनं मुलाला घट्ट धरलं, एक पाऊल मागे सरकली आणि माझ्यावरून नजर काढून सासूबाईंकडे बघायला लागली.

"माझी सून आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "डबा पुढे कर गं."