तिसाकाठच्या काकू

हंगेरीकाकूंच्या मराठीत सगळे सारखेच. "बस आला," "दूध सांडली," असं त्या बिनधास्त बोलत. त्यांच्या भाषेत लिंगभेदच नव्हता. गंगापूर रोडला त्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. काका तरुणपणी इंजिनिअरिंग शिकायला हंगेरीत गेले आणि त्यांच्याशी लग्न करून नाशकात परतले.

काकूंचं गाव तिसा नदीच्या काठी. पाणी गाळाने पिवळट, म्हणून तिकडे तिला 'सोनेरी केसांची' म्हणतात. "आमच्याकडे समुद्र नाही," काकू सांगत. "म्हणून गाणी, भुतं, राजे, सगळं नदीत." हुणांचा राजा मेला तेव्हा नदी वळवून त्याला सोन्याच्या, चांदीच्या आणि लोखंडाच्या पेटीत पात्रातच पुरलं, पाणी परत सोडलं आणि खणणाऱ्यांना मारून टाकलं, अशी तिकडची दंतकथा. "पेटी कुणाला मिळाला नाही. तरी प्रत्येक मूल काठावर खणतो. मीपण खणला."

एकदा मी त्यांना त्र्यंबकला घेऊन गेले. ब्रह्मगिरीवर, गोदावरीच्या उगमाशी, लोक बाटल्या भरत होते. काकू कड्याला टेकून रडायला लागल्या. मी विचारलं, "पाय दुखतायत का?"

"नाही गं. तिसा पूर्वी सगळा आमचा होता. युद्धानंतर सीमा बदलला, उगम दुसऱ्या देशात गेला. आजी म्हणायचा, नदीचा डोकं कापला."

जूनमध्ये तिसावर एक नवल घडतं. वर्षानुवर्षं चिखलात राहिलेले किडे एका संध्याकाळी पंख फुटून पाण्यावर उडतात आणि त्याच दिवशी मरतात. सारं गाव बघायला जमतं. काकूंना ते पुन्हा बघायचं होतं. "पुढच्या जूनला जाऊ," काका म्हणत. मग काकांची बायपास झाली. तिकडे काकूंचा एकुलता भाऊ वारला. नंतर तो विषयच निघेना.

गेल्या वर्षी काकूंचं मराठी जायला लागलं. आधी भाज्यांची नावं गेली, मग आमची. शेवटी हंगेरियन तेवढी उरली. घरात कायम मराठीच, त्यामुळे काका ती भाषा जवळजवळ विसरले होते. पाणी, भाकरी, झोप एवढंच त्यांना कळे. काकू मला जवळ बसवून तासभर काही सांगायच्या. मी फोनवरचं भाषांतर लावून पाहिलं, पण त्यांच्या तुटक शब्दांतून काही अर्थ लागेना. मधूनच 'तिसा' ऐकू यायचं. मी मान हलवायचे, आणि त्या रागावून तोंड फिरवायच्या.

हिवाळ्यात त्या गेल्या. अस्थी तिसात सोडा, असं त्यांनी बरे दिवस असताना अनेकदा सांगितलं होतं. पण डॉक्टर काकांना विमानात बसू देईनात. मूलबाळ नव्हतं. अखेर आम्ही रामकुंडावर गेलो. गुरुजींनी गोत्र विचारलं, काकांनी आपलं सांगितलं.

विसर्जनानंतर काका पायरीवर बसूनच राहिले. मी म्हटलं, "काका, पाणी शेवटी सगळं एकच."

"नाही गं," ते म्हणाले. "ही बंगालच्या उपसागराला जाते. ती तिकडे काळ्या समुद्राकडे. कुठे भेटत नाहीत."