मेटाचा चेहरा

थुरिंगियाच्या डोंगरातल्या आखेनरोडा गावात चिनी मातीच्या बाहुल्यांचा कारखाना होता. निम्मं गाव त्यावर जगायचं. ओटिली घरी बसून बाहुल्यांच्या डोक्यांवर भुवया आणि ओठ रंगवायची. तिचा नवरा ट्राउगोट मूळ डोकं मातीत घडवायचा. त्यावरून साचे निघत.

एका हिवाळ्यात मालक क्रेसमान त्याला म्हणाले, "गोडगोड चेहऱ्यांना लोक विटलेत. खऱ्या पोरीसारखी बाहुली कर."

ट्राउगोटने आपल्या पाच वर्षांच्या मेटाला समोर बसवलं. बाहेर मैत्रिणी बर्फात घसरत होत्या, म्हणून ती रुसली होती. तो रुसवा, तो किंचित वर आलेला ओठ, त्याने जसाच्या तसा उचलला. बाहुली धडाक्यात खपली.

पुढच्याच मार्चमध्ये मेटा घटसर्पाने गेली.

तिला पुरून चार दिवस झाले नाहीत तोच कारखान्यातून टोपली आली. टोपलीभर मेटा. भुवया नाहीत, ओठ पांढरेफटक.

ओटिली तशीच उठून कारखान्यात गेली. "मालक, तो साचा फोडा."

"ओटिलीबाई, तुमचं दुःख मला कळतं. पण या साच्यावर गाव जेवतंय. तुम्हाला दुसरी डोकी देतो. ही फ्रीडाकडे पाठवतो."

शेजारच्या फ्रीडाचा हात जड. तिच्या भुवया म्हणजे काजळाचे फराटे. ओटिली दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"राहू द्या. माझ्याकडेच पाठवा. माझ्या पोरीचं तिने सोंग केलेलं मला बघवायचं नाही."

मग वर्षानुवर्षं ती मेटाला रंगवत राहिली, जेवणाच्या टेबलावर, बटाट्यांची थाळी बाजूला सारून. टोपली दिसली की ट्राउगोट बाहेर निघून जाई. एकदा ती म्हणाली, "बस की इथे. बघ तरी. तूच विकलंस ना तिला?"

पुढे त्याने एकही चेहरा घडवला नाही. बाहुल्यांचे नुसते हातपाय करत, खोकत खोकत शेवटी वारला. ते वाक्य मात्र ओटिलीला मागे घेता आलं नाही. मेटाच्या बाहुलीच्या पैशांतून आलेले लोकरी अस्तराचे बूट तर तिच्या स्वतःच्याच पायात होते.

तिच्या म्हातारपणी शहरातल्या संग्रहालयात जुन्या बाहुल्या मांडल्या. मेटानंतर झालेली मुलगी, सेल्मा, तिला घेऊन गेली. काचेआड मेटा रेशमी झग्यात बसली होती. सेल्माने पाटी वाचली, "रुसलेली मुलगी. निर्मिती, क्रेसमान."

"आणि?"

"एवढंच आहे, आई."

ओटिलीने काचेवर हात टेकला. पहारेकरी धावत आला. "आजी, हात काढा! किती मौल्यवान आहे, कल्पना आहे का?"

"माझी मुलगी आहे ती."

तो सेल्माकडे बघून हसला, म्हातारं माणूस बरळलं की हसतात तसा. आणि सेल्माही हसली. ओशाळून, माफी मागितल्यासारखी.

"चल आई, बस चुकेल."

पहारेकऱ्याचा ओटिलीला राग आला नाही, तो परका. गावाकडच्या वाटेवर सेल्माने दोनदा विचारलं, थंडी वाजते का. ओटिलीने बसच्या खिडकीकडचं तोंड फिरवलं नाही.