शिडी धरणारा कवडू

कवडू बोदलकशाच्या तलावाखालची आमची धानाची शेती बटईने, पिकाच्या वाट्यावर, करीत असे. उंच, काटकुळा, मनगटे नेहमी बाहीच्या बाहेर आलेली. बोलणे कमी, पण एकदा पाहिलेली हालचाल तो विसरत नसे. स्टेशनमास्तर हिरवे निशाण कसे दाखवतो हे तो इतके हुबेहूब करी की माझे सासरेही पान खाता खाता थांबत.

१९५४ च्या मे महिन्यात आम्ही शिवणयंत्र आणायला गोंदियाला गेलो. यंत्र उचलायला कवडू बरोबर होता. दुकान चारला उघडणार होते, म्हणून माझ्या यजमानांनी दुपारच्या खेळाची तीन तिकिटे काढली. चित्रपट इंग्रजी, दोन चोरांचा. एक जाडा, एक रोडका. रोडका शिडी लावतो, जाडा वर चढतो. पोलीस दिसला की रोडका शिडी घेऊन पळतो आणि जाडा खिडकीला लोंबकळत राहतो. सारे थिएटर हसत होते. कवडू मात्र पुढे वाकून, डोळे न हलवता बघत होता.

परतीच्या गाडीत त्याने मला विचारले, "बाई, शिडी काढाच्या आधी रोडका किती खेपी मागं पाहते?"

"दोनदा."

"तीनदा. तिसऱ्या खेपी नुसती मान."

भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिथे दिवसाउजेडी दंडार होते. गावातलेच पुरुष ढोलकीवर नाचत-गात नाटक करतात. त्या वर्षी कवडूने दंडारीत ते चोर आणले. तिजोरीच्या जागी धानाची ढोली, म्हणजे बांबूची मोठी कणगी, पोलिसाच्या जागी कोतवाल. जाडा म्हणून त्याने बकारामला घेतले. बकाराम तलावात मासे धरी. पोट मोठे, स्वभाव त्याहून मोठा. दोन महिने खळ्यावर तालीम चालली. कवडू पावले मोजून दाखवी आणि बकाराम विचारी, "कवडूदादा, आता पडू, का मंग पडू?"

मंडईच्या दिवशी बकाराम नको तिथे पडला. शिडीवरून थेट ढोलीत, डोके खाली, पाय वर. लोक लोळले. कवडूने तीनदा मागे पाहिले, तिसऱ्यांदा नुसती मान; ते कोणी पाहिलेच नाही. बायकांत माझ्या शेजारी कवडूची बायको रुख्मा बसली होती. तिने तोंडात पदर कोंबला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते. कवडू शिडी धरून तिच्याकडेच बघत होता.

आमची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन तीन वर्षे झाली होती, तरी मंडईतल्या सर्वांत चांगल्या नटाला माझ्या सासऱ्यांच्या हातून फेटा देण्याची रीत टिकून होती. फेटा बकारामला मिळाला.

मग वर्षभर कवडू धुमसत राहिला. तिरोड्याच्या बाजारात लोक बकारामला "ए चोरा!" म्हणून हाक मारत, चहा पाजत. कवडू शेजारी उभा असला तर विचारत, "हा कोण?" त्याने बकारामची मासोळी घरात आणू देणे बंद केले.

"मासोळीनं काय केलं तुमचं?" रुख्मा विचारी.

"तू तं बोलूच नको. लय हासत होतीस."

"हासू आलं तं काय रडू?"

माझ्याकडे तो धान मोजायला आला की एकच बोलणे. "बाई, सारं म्या आणलं. शिडी माही, ढोली माही. तो नुसता पडते. पडाले काय लागते?"

"मग तू पड," मी एकदा म्हणाले. सहज म्हणाले होते. त्याने ते धरून ठेवले.

पुढच्या मंडईला कवडूने अदलाबदल मागितली. "यंदा मी जाडा. फेटा मले पायजे."

"घे ना बाप्पा," बकाराम म्हणाला. "माही कंबर तशीबी दुखून राहिली."

२० नोव्हेंबर १९५५, रविवार. माझ्या वहीत त्या दिवसाची चार पाने आहेत. कवडूने सदऱ्यात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून पोट केले होते. चढणे, घसरणे, लोंबकळणे, सारे चित्रपटातल्यासारखे, एक बोटही इकडेतिकडे नाही. शेवटी तो ढोलीत पडला, तेही बरोबर, डोके खाली. लोक गप्प. मागून कोणी तरी म्हणाले, "लागलं का गा?"

बकाराम शिडी धरून उभा होता. पुढे काय करायचे ते तो विसरला होता. त्याने शिडीच्या वर पाहिले, खाली पाहिले, मग दोन पायऱ्यांच्या मधून डोके घालून लोकांकडे पाहिले. डोके परत निघेना. तो शिडी गळ्यात घेऊन गोल फिरला आणि कोतवाल आडवा झाला. मंडईभर असा हशा उठला की पाळण्यावरची माणसेही वळून बघू लागली. ढोलीतून कवडूचे नुसते पाय दिसत होते.

तोवर सासऱ्यांना मोतीबिंदू झाला होता. त्यांनी मला जवळ बोलावले. "सूनबाई, लोक कोणाला हसले?"

कवडू ढोलीतून निघून समोर उभा होता, सदऱ्यातून तणीस गळत होते. हे सारे कोणी रचले, हे त्या गर्दीत माझ्याइतके नीट कोणालाच माहीत नव्हते.

"बकारामला," मी म्हणाले.

सासऱ्यांनी फेटा दिला. बकारामला तो बांधता येत नव्हता. "कवडूदादा, बांधून दे ना," म्हणून त्याने डोके पुढे केले. कवडूने बांधला. फार घट्ट बांधला.

दुसऱ्या दिवशी तो शेताच्या कामासाठी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत बोलावले तरी येईना.

"बाई, तुमाले तं सारं ठाऊक होतं."

"मला हसू आले, कवडू."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"ढोलीत उलटा होतो ना," तो म्हणाला, "फटीतून बकाराम दिसला. मलेबी हासू आलं. त्याचाच तं राग हाय."