हिलालआप्पांचा विरोध

हिलालआप्पा नगरपालिकेच्या सभेला यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ असायचं. धोतर स्वच्छ, टोपी कडक, हातपाय धुतलेले, पण भुवया पांढऱ्या. त्यांची बाजारपेठेच्या मागे पिठाची गिरणी होती. सभा अकराची असली तरी पावणेअकरापर्यंत ते दळत बसायचे आणि मग चालत यायचे. आयुष्यभर गिरणीच्या घरघराटावरून बोलल्यामुळे त्यांचा आवाज असा चढलेला होता, की त्यांच्यापुढचा माइक शिपाई कधी चालूच करत नसे.

मी त्या नगरपालिकेत सभा-लिपिक होते. नंदुरबार जिल्ह्यातलं लहान शहर आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. पती गेल्यावर अनुकंपेवर मला ही नोकरी मिळाली होती आणि कायम केल्याचा आदेश अजून हातात पडला नव्हता. काम तसं सोपं होतं. सभेत विषय वाचायचे, झालेला ठराव आधी कच्च्या वहीत टिपायचा आणि नंतर इतिवृत्ताच्या मोठ्या पुस्तकात सुवाच्य अक्षरात उतरवायचा. माझ्या पहिल्याच सभेत मी म्हटलं, "विषय क्रमांक एक." अर्ध्या सभागृहाने बाकं वाजवली आणि "मंजूर, मंजूर" असा गलका झाला. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"थांब माय. पहिले वाच."

मी नगराध्यक्षांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "आप्पा, विषयपत्रिका सगळ्यांना घरपोच दिलेली आहे."

"माले पन भेटेल शे. मी वाचेल शे. यासनी वाची का, ते दखनं शे माले." आप्पांनी पुढच्या रांगांकडे हात केला. "कोनता पैसा कोठे जाई ऱ्हायना ते समदासना कानवर पडू दे. मंग मंजूर म्हना."

मी वाचलं. वाचायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत तीन सदस्यांना पहिल्यांदाच कळलं, की आपण कशाला मंजुरी दिली.

सभागृहात सगळे पुस्तकी मराठीत बोलायचे. घरी अहिराणीत भांडणारी माणसं माइकसमोर आली की "सदर बाब विचारात घेता" असं म्हणायची. आप्पा मात्र अहिराणीच बोलत. सभा संपली की माझ्या टेबलाशी येऊन म्हणत, "तू तुन्ही शुद्ध भाषामा लिख माय. पन अर्थ मन्हा ऱ्हावाले पाहिजे." बहुतेक वेळा त्यांच्या नावापुढे मी एकच वाक्य लिहायची : यांनी विरोध नोंदवला. तेवीस सदस्यांत त्यांचा विरोध नेहमी एकट्याचा असे. सहकारी त्यांची टिंगल करत. 'आप्पांनी हात खाली ठेवला म्हणजे ठराव नक्की चांगला,' असं म्हणून चहा पीत.

पण आप्पांना जे ठाऊक असे, ते मुख्याधिकाऱ्यांच्या फायलीतही नसे. गिरणीवर दळणासाठी बायका रांगेत बसत. कुठल्या गल्लीत पाणी तिसऱ्या दिवशी येतं, कुठला नवा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला, कुठल्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही, हे सगळं त्या रांगेत बोललं जायचं. टेकडीवरच्या वस्तीतल्या बायकाही तिथेच यायच्या. सातपुड्याच्या पाड्यांमधून मजुरीसाठी उतरलेली ती माणसं. मिरचीच्या मोसमात बाया दिवसभर मिरच्यांचे देठ खुडत आणि संध्याकाळी डोक्यावर हंडे घेऊन टेकडी चढत. वर नळ नव्हता. टँकर यायचा, तोही टेकडीच्या पायथ्याशी थांबायचा. त्या वस्तीसाठी पाण्याची टाकी आणि नळजोडणी, अशी तरतूद प्रत्येक अंदाजपत्रकात व्हायची आणि वर्षाअखेर तो पैसा दुसऱ्याच कामाकडे वळायचा.

मी सांगते आहे ती अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीतली. बाहेर मिरचीच्या गाड्या जात होत्या आणि खिडक्यांतून येणाऱ्या ठसक्याने सगळं सभागृह खोकत होतं. टाकीचा पैसा या वेळी शहराच्या वेशीवर स्वागत कमान बांधायला वळवावा, असा विषय होता. कमानीचं रंगीत चित्र भिंतीवर लावलेलं होतं. दोन हत्ती, मध्ये कळस.

आप्पा उभे राहिले. चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पन्नास वरीस व्हयनात, मी दळी ऱ्हायनू. ज्वारी टाका ते ज्वारीनं पीठ निंघस, गहू टाका ते गहूनं. आठे टाकीना पैसा टाका आनि कमान निंघनी! अशी गिरनी मी कोठेच दखेल नही."

प्रेक्षकांच्या गॅलरीत कुणीतरी हसलं. नगराध्यक्ष वाईट माणूस नव्हते. गोड बोलत, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले पोचत. ते शांतपणे म्हणाले, "आप्पा, टाकी पुढच्या वर्षी नक्की. कमान म्हणजे शहराची शान आहे."

"तान्ह्या पोरले शान पाजतस का?" आप्पांनी विचारलं.

हात वर झाले. बावीस. आप्पांनी विरोधाचं कारण सावकाश, शब्द तोडून सांगितलं आणि मी ते कच्च्या वहीत जसंच्या तसं टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पक्कं इतिवृत्त लिहायला बसले तेव्हा वरिष्ठांनी मला बोलावलं. "एका माणसाच्या विरोधाने काय होतं? पुढे कटकटी वाढतात. सर्वानुमते लिहा. तुमच्या आदेशाचंही बघतोय मी." त्यांनी धमकी दिली नाही. समोर चहासुद्धा ठेवला. मी टेबलाशी आले आणि चांगल्या अक्षरात लिहिलं : ठराव सर्वानुमते मंजूर.

मार्चच्या सभेत विषयांना हात घालण्याआधी नेहमीचा उपचार होता, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तो कधीच कुणी वाचून घेत नसे. आप्पा म्हणाले, "वाच माय." मी वाचलं. त्या शब्दापाशी आले तेव्हा तो घाईने उरकला, तरी ऐकू गेला.

"सर्वानुमते?" आप्पा म्हणाले. "मंग मी कोन व्हतू? पंखा?"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते उभे होते, उभेच राहिले. नगराध्यक्षांनी दोनदा बसायला सांगितलं, तेव्हा म्हणाले, "ज्या कागदमा माले जागा नही, तठली खुर्ची माले कसाले?"

सभा साडेतीन तास चालली. सत्तरी ओलांडलेला तो माणूस साडेतीन तास पुढच्या बाकावर हात टेकून उभा राहिला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

त्याच संध्याकाळी मी ज्वारीची पिशवी घेऊन गिरणीवर गेले. घरात पीठ होतं, तरी गेले. रांग संपेपर्यंत थांबले. आप्पांनी माझी ज्वारी दळली, पट्टा थांबवला आणि अचानक सगळीकडे शांत झालं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तुले सांगनारा दुसरा व्हता, माले माहीत शे माय. नवीन नोकरी, पदरमा पोर." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "पन हात तुन्हा व्हता."

एवढंच. गरम पिठाची पिशवी छातीशी धरून मी घरी आले. ते पीठ मला दोन दिवस मळवलं नाही.

एप्रिलच्या सभेतही आप्पा उभे राहिले. बातमी गिरणीच्या रांगेतून गावभर गेली होती. गॅलरी कधी नव्हे ती भरली. टेकडीवरच्या बायका एक दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. त्यांच्या पुढे रुमाबाई बसली होती, वस्तीत जिच्या शब्दाला किंमत होती अशी उंच, सडसडीत बाई. नगराध्यक्षांना घाम फुटला होता. "आप्पा, वयाचा विचार करा. बसून घ्या."

"वयनाच ईचार करी ऱ्हायनू. आते बठनू ते परत उठता येवाव नही."

मे महिन्यात पुन्हा तेच. त्या दिवशी वीज गेली होती, पंखे बंद होते. आप्पा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेताना मला माझ्या टेबलावरून दिसत होते. एका तरुण सदस्याने उठून त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाले, "माय, तुन्ही कच्ची वहीमा काय शे?"

वही माझ्या पिशवीत होती. दोन महिने मी ती रोज घरी नेत होते आणि रोज परत आणत होते. वरिष्ठ माझ्याकडे बघत होते. मुलाची शाळेची फी आठवली, न मिळालेला आदेश आठवला. मी उभी राहिले. वही उघडली आणि वाचलं :

"श्री. हिलालआप्पा यांनी विरोध नोंदवला. कारण : टेकडीवरील वस्तीस पिण्याचे पाणी नाही. पाण्याचा पैसा शोभेच्या कामाकडे वळवणे अन्यायाचे आहे. ठराव बावीस विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर."

मग ज्या तरुण सदस्याने पाणी दिलं होतं, तो म्हणाला, "बरोबर आहे. असंच झालं होतं. मी तिथे होतो." त्याच्यामागून आणखी दोघे बोलले. शंभर माणसांसमोर नाही म्हणणं कुणालाच जमलं नाही. इतिवृत्त दुरुस्त झालं. मी लाल शाईने दुरुस्ती केली, खाली सही केली. आप्पा सावकाश खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी दाबले.

आठ दिवसांत माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. कायमपदाचा आदेश आणखी वर्षभर लांबला. पण त्या दुरुस्त केलेल्या पानाची प्रत घेऊन आप्पा एसटीने नंदुरबारला गेले. कारणासह विरोध नोंदलेला होता, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता आली. सात-आठ चकरा झाल्या. शेवटी कमानीच्या ठरावाला स्थगिती मिळाली. तोवर वेशीवर कमानीचे दोन खांब उभे राहिले होते. ते अजूनही तसेच आहेत, वरती काहीही नसलेले.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. पण तसं झालं नाही. आप्पांच्या वॉर्डाला त्या वर्षी एक दिवासुद्धा मिळाला नाही. गटारीचं काम मागे पडलं, मंजूर झालेला रस्ता यादीतून गेला. गिरणीच्या रांगेतल्याच बायका म्हणू लागल्या, "आप्पा, तुम्हना विरोध टेकडीले भेटना, चिखल आमले भेटना." ते खरंही होतं. निवडणूक आली आणि आप्पा पडले. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या मतांनी पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी भीतभीत गिरणीवर गेले. गिरणी चालू होती. ज्यांनी त्यांच्याविरुद्ध घरोघर प्रचार केला होता, त्यांच्याच घरचं दळण चाललं होतं. मला पाहून आप्पा घरघराटावरून ओरडले, "हारनू माय! हारनू! पन खोटा नही झायू!" आणि गव्हाचं पीठ बोटांत चोळून बघितलं, बारीक आलंय का म्हणून.

टाकी पुढच्या वर्षी बांधली गेली. स्थगितीमुळे तो पैसा दुसरीकडे वळवायची सोय उरली नव्हती. उद्घाटनाला मंडप होता, फीत होती, संगमरवरी पाटीवर सगळ्यांची नावं होती. आप्पांना निमंत्रण नव्हतं. ते दळत होते. मी जेवणाच्या सुट्टीत तिथेच पीठ घ्यायला आले होते, तेव्हा रुमाबाई आणि चार-पाच बायका गिरणीच्या दारात आल्या. रुमाबाईच्या डोक्यावर नवी कोरी घागर होती. टेकडीवरच्या नळाचं पहिलं पाणी.

आप्पा भडकले. पट्टा थांबवून बाहेर आले. "आभार मानाले उन्यात? घागर वापस लई जा! तुम्हनं पानी शे, तुम्हले भेटनं. आज आभार मानशात ते पुढला साल गटार मांगाले लाज वाटी तुम्हले!"

रुमाबाई घरी भिलोरी बोलायची, पण गिरणीवर येऊन येऊन तिला चांगली अहिराणी आली होती. तिने घागर खाली उतरवली, कमरेवर हात ठेवला.

"आभार कोन मानी ऱ्हायनं आप्पा? तुम्ही सारा दिन आरडतस. घसा कोरडा पडी गया व्हई, म्हनीसन आनं."

आप्पांनी कोपऱ्यातला पितळी गडू घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि तिच्यासमोर धरला. उभ्या उभ्या दोन गडू पाणी प्यायले. मग म्हणाले, "जराखं मचूळ लागी ऱ्हायनं. पाइप धुयेल नही. उद्या जाईसन सांगा त्यासले." आणि आत जाऊन पट्टा चढवला.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. झोपेतच. त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला घ्यायला माझ्याच खिडकीवर आला. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, व्यवसाय : पिठाची गिरणी. शिक्का मारला आणि कागद बाहेर सरकवला. मुलाचे डोळे भरलेले होते. त्याने हात जोडले. "ताई, लई उपकार व्हयनात."

"हात खाली कर भाऊ," मी म्हटलं. "तुझा कागद आहे, तुला मिळाला. आणि आधी वाचून बघ. चूक असेल तर इथेच, माझ्या तोंडावर सांग."

त्याने हात सोडले, कागद उजेडाकडे धरला आणि मागची रांग खोळंबलेली असताना पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला लागला.